दिसते कुणाला? डोळ्याला की मेंदूला?

लेख पुढे वाचण्यापूर्वी एक प्रयोग करा. कोऱ्या कागदावर डाव्या बाजूला एक फुली काढा. तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटर अंतरावर १ सेंटिमीटर व्यासाचा काळा ठिपका काढा. आता डावा डोळा हाताने झाका आणि उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे पाहा. कागद हातभर लांब धरून सावकाश जवळ आणा. नजर फुलीवरून ढळू देऊ नका. कागद डोळ्यापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर आला, की ठिपका चक्क नाहीसा होईल! कागद आणखी जवळ आणा. ठिपका पुन्हा हजर!

फ्रेंच शास्त्रज्ञ मारियोत याने डोळ्यातील ही उणीव १६६८ साली जगापुढे मांडली. पण खरी गंमत पुढेच आहे. ठिपका गेला, तेव्हा त्याच्या जागी तुम्हाला भोक दिसले का? नाही. तेथे कोरा कागदच दिसला. आता ठिपक्यामधून जाणारी एक आडवी रेघ काढून पुन्हा पाहा. ठिपका जाईल, पण रेघ अखंड दिसेल. मग रेघेचा तो न दिसणारा तुकडा जोडला कोणी?

डोळ्याचे काम

डोळ्याची तुलना आपण कॅमेऱ्याशी करतो. प्रतिमा तयार होण्यापुरती ती बरोबर आहे. प्रकाशकिरण प्रथम पारपटलावर पडतात. त्यांचे बहुतेक वक्रीभवन तेथेच होते. त्यामागचे भिंग कमीअधिक फुगीर होऊन जवळच्या व दूरच्या वस्तूंसाठी बारीक जुळवाजुळव करते आणि दृष्टिपटलावर उलटी, लहान प्रतिमा उमटते. केवढी लहान? भिंगापासून पडद्यापर्यंतचे अंतर हिशेबासाठी १७ मिलिमीटर धरा. १७० सेंटिमीटर उंचीचे तुमचे गुरुजी मैदानात १७ मीटरवर उभे असतील, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने त्यांची प्रतिमा अवघी १.७ मिलिमीटर येते.

दृष्टिपटलात सुमारे १२ कोटी दंडाकार पेशी आणि ६० लाख शंक्वाकार पेशी असतात. अंधूक उजेडात पहिल्या कामी येतात. रंग आणि बारकावे दुसऱ्या टिपतात. पण मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत तंतू असतात फक्त दहा लाखांच्या आसपास. म्हणजे सगळा तपशील जसाच्या तसा पाठवणे शक्यच नाही. दृष्टिपटलातच त्याचा सारांश तयार होतो आणि तो विद्युत्‌स्पंदांच्या रूपाने पुढे जातो. हे सर्व तंतू एकत्र होऊन जेथून डोळ्याबाहेर पडतात, तेथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात. हाच आपला ‘अंधबिंदू’. ठिपक्याची प्रतिमा नेमकी तेथे पडली, म्हणून तो दिसेनासा झाला.

मेंदूचे काम

प्रतिमा उलटी, मग जग सुलटे कसे दिसते, असा प्रश्न वर्गात हमखास निघतो. त्याचे उत्तर सोपे आहे. मेंदूत बसून ती प्रतिमा पाहणारा कोणी नसतो. तेथे चित्र पोचतच नाही, पोचतात फक्त स्पंद. डोक्याच्या मागच्या भागातील दृष्टिकेंद्रात आणि त्याच्या आसपास या स्पंदांचा अर्थ लावला जातो. कड कोठे आहे, ती कोणत्या दिशेला झुकली आहे, वस्तू हलते आहे का, हे तेथे ठरते. दोन डोळ्यांकडून आलेल्या माहितीतील किंचित फरकावरून वस्तू किती खोल आहे याचा अंदाज घेतला जातो. माहिती नसेल, तेथे आजूबाजूचे पाहून मेंदू जागा भरून काढतो. तुमची रेघ त्यानेच जोडली!

मात्र हे कौशल्य बाळाला जन्मतः पूर्णपणे येत नाही. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे बंद ठेवला. पुढे तो उघडला. डोळा निरोगी होता, पण दृष्टिकेंद्रातील बहुतेक पेशी त्याच्या संदेशांना प्रतिसादच देईनात. त्या दुसऱ्या डोळ्याच्या ताब्यात गेल्या होत्या. दृष्टीवरील संशोधनाबद्दल १९८१ च्या नोबेल पारितोषिकात या दोघांना वाटा मिळाला.

हे आपल्यालाही लागू पडते. लहान मुलाच्या एका डोळ्याचा नंबर बराच जास्त असेल, किंवा डोळा तिरळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. याला ‘आळशी डोळा’ म्हणतात. खरे तर डोळ्याचा यात आळस नसतो. मेंदू त्याचे ऐकेनासा झालेला असतो. मूल तक्रार करत नाही, कारण चांगला डोळा काम भागवतो. अंधबिंदू असूनही आपल्याला कधी जाणवला नाही, तसेच हे! योग्य चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, हा यावरचा नेहमीचा उपाय. सात-आठ वर्षांच्या आत केल्यास तो सर्वांत गुणकारी ठरतो. नंतर सुधारणा होणे अवघड जाते.

म्हणून आज घरी आणखी एक प्रयोग करा. लहान भावंडाला भिंतीवरच्या कॅलेंडरपासून थोडे दूर उभे करा आणि आधी एक डोळा, मग दुसरा डोळा नीट झाकून अंक वाचायला सांगा. एका डोळ्याने वाचता येणारा अंक दुसऱ्याने वाचता आला नाही, तर ही गोष्ट आईवडिलांना सांगा आणि त्याला नेत्रतज्ज्ञाकडे न्यायला लावा. फरक आढळला नाही, तरी शाळेत जाण्याआधी एकदा डोळे तपासून घेणे चांगलेच. शिक्षकांनीही पहिली-दुसरीच्या वर्गात हे करून पाहावे. दोन्ही डोळे उघडे ठेवून फळा वाचता आला, एवढ्यावर समाधान मानू नये.