सव्वीस वर्षं कवी काय करत होता?

अरुण कोलटकरांच्या पुस्तकांची प्रकाशनवर्षं एकदा नुसती ओळीनं वाचून पाहा. १९७६ : ‘जेजुरी’, इंग्रजीत. १९७७ : ‘अरुण कोलटकरच्या कविता’, मराठीत. त्याच वर्षी ‘जेजुरी’ला कॉमनवेल्थ पोएट्री प्राइझ. आणि त्यानंतर नवं पुस्तकच नाही. ऐंशीचं दशक जातं, नव्वदचं जातं, शतकही बदलतं. मग २००३ आणि २००४ या दोन वर्षांत पाच पुस्तकं एकामागोमाग एक येतात. मराठीत ‘भिजकी वही’, ‘चिरीमिरी’ आणि ‘द्रोण’, इंग्रजीत ‘काळा घोडा पोएम्स’ आणि ‘सर्पसत्र’. २५ सप्टेंबर २००४ला पुण्यात कोलटकर गेले. पोटाचा कर्करोग होता.

मधली सव्वीस वर्षं कोऱ्या पानासारखी दिसतात. जो लिहितो त्याला हे पान पाहून पोटात गोळा येतो, कारण त्याची छोटी आवृत्ती प्रत्येकानं भोगलेली असते. सकाळी टेबलाशी बसायचं, दोन ओळी लिहायच्या, खोडायच्या, उठायचं. आठवडे जातात, महिने जातात. भेटणारा प्रत्येक जण विचारतो, ‘सध्या नवीन काय?’ आणि उत्तर देताना आपण लेखक होतो की आहोत, याचीच शंका येऊ लागते. साहजिकच कोलटकरांच्या त्या मोकळ्या जागेकडे पाहून मनात पहिलं येतं ते हेच, की या माणसाचं लिहिणं अडलं असणार.

पण पाच पुस्तकं हातात घेतली की हा तर्क टिकत नाही. एकटी ‘भिजकी वही’च चारशेच्या आसपास पानांची आहे. असं पुस्तक कुणी शेवटच्या दोन वर्षांत बसून लिहीत नाही. तिथे जे घडत होतं ते मला मराठी साहित्यातल्या सगळ्यात थक्क करणाऱ्या गोष्टींपैकी एक वाटतं.

ते समजायला थोडं मागे जावं लागतं. कोलटकरांचा जन्म १९३२चा, कोल्हापूरचा. म्हणजे पहिलं पुस्तक आलं तेव्हा ते चव्वेचाळिशीला टेकले होते. कविता मात्र पन्नासच्या दशकापासून छापून येत होत्या. दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांच्यासोबत त्यांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक काढलं तेही त्याच दशकात. तेव्हा सव्वीस वर्षांच्या शांततेआधी वीसेक वर्षांची आणखी एक शांतता होतीच. उशीर ही या कवीची सवय होती म्हणा, किंवा पद्धत.

‘जेजुरी’ची हकीकत तर कुणाही लिहिणाऱ्याची झोप उडवणारी आहे. साठच्या दशकात कोलटकर भाऊ मकरंद आणि कवी मनोहर ओक यांच्याबरोबर जेजुरीला गेले. त्यावर कविता लिहिल्या. हस्तलिखित एका छोट्या मासिकाकडे गेलं, त्यातली एक कविता छापली गेली आणि बाकीचं बाड संपादकांकडून गहाळ झालं. आजच्यासारखी संगणकात प्रत असण्याचा तो काळ नव्हता. एखाद्याची लेखणी कायमची मोडायला एवढं पुरेसं होतं. कोलटकरांनी सत्तरच्या दशकात ते सगळं नव्यानं लिहून काढलं. १९७४ साली ते ‘ओपिनियन लिटररी क्वार्टर्ली’त आलं आणि दोन वर्षांनी पुस्तक झालं.

आता ते पुस्तक कसं आहे बघा. एस.टी.तून पहाटे गडाच्या पायथ्याशी पोहोचण्यापासून मावळतीला रेल्वे स्टेशनवर गाडीची वाट पाहण्यापर्यंतचा एकच दिवस. पुजाऱ्याचे डोळे, पैशासाठी चिकटलेली म्हातारी, गोठा की देऊळ हे न कळणारी वास्तू, सगळं इतकं ताजं की कवी वही घेऊन उभ्या उभ्याच लिहितोय असं वाटावं. आणि हा ताजेपणा मूळ दिवसानंतर जवळजवळ दहा वर्षांनी, पहिलं लेखन हरवल्यावर, दुसऱ्यांदा घडवलेला आहे! मला हे प्रथम कळलं तेव्हा मी पुस्तक पुन्हा सुरुवातीपासून वाचलं. एका ओळीतही तो दहा वर्षांचा वळसा दिसत नाही.

मधल्या काळात घर कशावर चालत होतं? जाहिरातींवर. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले कोलटकर मुंबईच्या जाहिरातविश्वातले नावाजलेले कलादिग्दर्शक होते. कम्युनिकेशन आर्ट्स गिल्डनं त्यांना आपल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं होतं. कवितेवर पोट भरायचं ठरवलं असतं तर काय झालं असतं याचा हिशेब सोपा आहे. मराठीत दोनशे रुपये किमतीच्या पुस्तकाची हजार प्रतींची आवृत्ती समजा पूर्ण खपली, आणि लेखकाला दहा टक्के मानधन मिळालं, तर हाती येतात वीस हजार रुपये. तेही आवृत्ती संपेल तेव्हा, आणि कवितेची हजार प्रतींची आवृत्ती संपायला कित्येक वर्षं लागू शकतात. दुसऱ्या कामाचा पगार असला की पुस्तकाला पोटाची घाई राहत नाही. नोकरी लेखकाला खाऊन टाकते हे आपण नेहमी ऐकतो, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. इथे मात्र तिनं कवितेला वेळ मिळवून दिला.

त्या वेळाचं त्यांनी काय केलं हे पाहायचं तर काळा घोड्याला जायला हवं. ज्या पुतळ्यावरून या चौकाला नाव पडलं तो, घोड्यावर बसलेला सातवा एडवर्ड, १९६५ साली तिथून हलवून राणीच्या बागेत नेला. नाव मागे उरलं आणि मोकळी जागा वाहनतळ झाली. तिथेच वेसाइड इन नावाचं उपाहारगृह होतं. दर गुरुवारी दुपारी कोलटकर तिथे मित्रांसोबत बसत. घरी फोन नव्हता, तेव्हा ज्याला भेटायचं असेल त्यानं गुरुवारी यावं. पुढे ते बंद पडलं तेव्हा मंडळी मिलिटरी कॅफेत जाऊ लागली.

बाहेर रस्ता, वाहतुकीचं बेट, पदपथावर राहणारी माणसं. ऐंशीच्या दशकापासून ‘काळा घोडा’च्या कविता आकार घेत होत्या. पहाटे वाहतुकीच्या बेटावर पसरलेला एक गावठी कुत्रा आहे, त्याच्या अंगावरचे ठिपके मुंबईच्या जुन्या नकाशासारखे. इडलीची पाटी घेऊन येणारी एक बाई आहे, आणि तिच्याभोवती जमणारा सगळा भुकेला चौक. त्या न्याहारीवरची कविता एकतीस भागांची आहे. एका चौकातली न्याहारी, एकतीस भाग! इतकं दिसायला किती गुरुवार लागत असतील? पहिल्या वर्षी माणसाला गर्दी दिसते. मग गर्दीतले चेहरे दिसतात. कोण कुणाचं मूल सांभाळतं, कोण कुणाच्या उवा काढतं, उन्हाची तिरीप कोणत्या वेळी कुठल्या पायरीवर येते, हे दिसायला ऋतू यावे-जावे लागतात.

‘भिजकी वही’चा पल्ला याच्या अगदी उलट. इथे कवी एका खिडकीशी बसलेला नाही, त्यानं जगाचा इतिहास पालथा घातलाय. इजिप्तची आयसिस, ट्रॉयची कसांड्रा, अलेक्झांड्रियाची हायपेशिया, बसऱ्याची राबिया, तामिळ महाकाव्यातली कण्णगी, कवी नवऱ्याच्या कविता तोंडपाठ करून जिवंत ठेवणारी रशियातली नादेझ्दा मांदेलश्ताम, व्हिएतनाममधली नापामनं भाजलेली मुलगी किम. रडणाऱ्या स्त्रियांचं हे पुस्तक आहे. हजारो वर्षांचे अश्रू एकत्र आणायचे तर त्यामागे केवढं वाचन हवं! आणि एवढं करून हा सगळा ऐवज चावडीवर बोलावं तशा मराठीत उतरवायचा. शीर्षकातली वही अश्रूंनी भिजलेली आहेच, पण मराठी माणसाला त्यात इंद्रायणीत बुडवलेल्या गाथेची आठवण आल्याशिवाय राहत नाही. कोलटकरांनी तुकोबांचे अभंग इंग्रजीत आणले होते, अर्जुन शेजवळांकडे पखवाज शिकले होते. वारकरी परंपरा त्यांच्या हातात आणि कानात होती. तुकोबांनी तेरा दिवस नदीकाठी धरणं धरलं असं परंपरा सांगते. लिहिलेलं हातचं जाणं आणि ते परत येईपर्यंत ठाण मांडून बसणं याची त्याहून मोठी कथा आपल्या भाषेत नाही. ‘जेजुरी’चं बाड हरवलेल्या कवीनं हे शीर्षक निवडावं यात मला खूप काही ऐकू येतं.

नवनिर्मिती कशी होते याची एक मांडणी इंग्रज अभ्यासक ग्रॅहम वॉलास यांनी १९२६ साली केली. आधी तयारी, मग उबवण, मग अचानक सुचणं, आणि शेवटी तपासणी, असे चार टप्पे. उबवणीच्या काळात माणूस प्रश्नाकडे उघडपणे पाहत नसतो, पण आत काम चालू असतं. शंभर वर्षं होत आली तरी ही मांडणी लोक वापरतात, कारण अनुभवाशी ती जुळते. फक्त कोलटकरांकडे पाहिलं की वाटतं, टप्पे असे एकामागून एक येत नसावेत. सव्वीस वर्षं तयारी, उबवण आणि तपासणी एकाच वेळी, वेगवेगळ्या वह्यांत चालू होती.

अर्थात प्रत्येक शांततेच्या पोटात पुस्तक नसतं. काही लेखकांचं खरंच संपतं, आणि ते संपणं फार दुःखाचं असतं. बाहेरून दोन्ही शांतता सारख्याच दिसतात. लेखकाला स्वतःलाही आतून त्यातला फरक नेहमी कळतो असं मला वाटत नाही. म्हणून लांबलेल्या शांततेत लेखकाच्या शेजारी कोण उभं आहे याला फार महत्त्व येतं, आणि इथे प्रकाशक निवडण्याचा प्रश्न येतो.

कोलटकरांची निवड पहिल्यापासून पक्की होती. ‘जेजुरी’ काढलं ते ‘क्लिअरिंग हाउस’नं. आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा, गीव पटेल आणि स्वतः कोलटकर, अशा कवींनीच मिळून उभी केलेली ही संस्था. मुखपृष्ठं कोलटकरांची. मराठी पुस्तकं अशोक शहाण्यांच्या ‘प्रास प्रकाशना’ची. शहाणे म्हणजे १९६३मध्ये समकालीन मराठी वाङ्मयावर ‘क्ष-किरण’ टाकणारा लेख लिहून खळबळ उडवणारे, ‘असो’ काढणारे, लघुनियतकालिकांच्या चळवळीतले आघाडीचे. साहित्याच्या बाजाराशी त्यांचं कधी जमलं नाही आणि जमवायची त्यांना गरजही वाटली नाही. अशा प्रकाशकाकडे कवीला ‘पुढचं कधी?’ असा तगादा नसतो. मोठी संस्था वितरण देते, जाहिरात देते, दुकानाच्या दर्शनी भागात जागा देते, आणि त्या बदल्यात तिला वेळापत्रक हवं असतं. तेही रास्तच आहे, तिच्याकडे पगार द्यायची माणसं असतात. पण पहिलं पुस्तक घेऊन निघालेल्या कुणी मला विचारलं तर मी मानधनाच्या टक्क्यांआधी एकच गोष्ट तपासायला सांगेन. पुढची दहा वर्षं आपण काहीच दिलं नाही, तर हा माणूस आपल्याशी कसा बोलेल?

घाई वाईटच असते असंही नाही. भालचंद्र नेमाड्यांनी ‘कोसला’ १९६३मध्ये, पंचविशीत, सांगवीला गावी बसून पंधरवड्यात लिहून काढली. मागे देशमुख आणि कंपनीचे रा. ज. देशमुख होते, लिही म्हणून पाठीस लागणारे. त्या आग्रहावाचून ती कादंबरी झाली असती का कोण जाणे. मग ‘बिढार’ यायला मात्र १९७५ उजाडलं. ‘झूल’ १९७९ची, आणि त्यानंतरची कादंबरी ‘हिंदू’ थेट २०१०ची. एकाच लेखकात पंधरा दिवस आणि एकतीस वर्षं! दिवाळी अंकांचंही तेच. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून उन्हाळ्या-पावसाळ्यात येणाऱ्या संपादकांच्या पत्रांनी किती अडलेल्या लेखण्या सोडवल्या असतील याची गणतीच नाही. कथेला तारीख लागू पडते. ‘भिजकी वही’ला कोणती तारीख द्यायची?

कोलटकरांच्या मार्गाची किंमत वाचकांनी मोजली, हे मला लपवायचं नाही. पुस्तकं सहज मिळत नसत. मराठी कवितेवर वाढलेल्या एका अख्ख्या पिढीला त्यांची दोनच पुस्तकं ठाऊक होती. ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो २००५चा, म्हणजे कवी गेल्यावर. ‘जेजुरी’ची न्यूयॉर्क रिव्ह्यू बुक्सची आवृत्तीही त्याच वर्षीची.

आणि त्या वह्या अजून रिकाम्या झालेल्या नव्हत्या. शेवटच्या आजारपणात कोलटकरांनी मेहरोत्रांवर एक काम सोपवलं होतं. विखुरलेल्या कविता, अनुवाद आणि गाणी यांचं ते पुस्तक, ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’, २००९ साली ‘प्रास’नंच काढलं. त्यानंतर काही काळानं तिथूनच आणखी एक पुस्तक आलं, ‘जेजुरी’. या वेळी मराठीत.