गोळीनं की आजारानं?

समजा, २६ वर्षांची एक मुलगी. ल्युपससाठी पंधरा दिवसांपूर्वी स्टेरॉइडचा मोठा डोस सुरू झालाय. सांध्यांची सूज उतरली, गालांवरचा लाल चट्टा फिका पडला. पण आता ती रात्ररात्र जागी असते, भिंतीकडे बघून बोलते, आईनं जेवणात काहीतरी कालवलंय म्हणून ताटाला हात लावत नाही. घरात ‘बाहेरचं’ बघून घ्यायची कुजबुज सुरू होते. डॉक्टरांचा पेच निराळा असतो.

ल्युपसमध्ये रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. रुग्णांत दहापैकी नऊ बायका. मज्जासंस्थेवरच्या त्याच्या हल्ल्याचे १९ प्रकार अमेरिकी संधिवाततज्ज्ञांनी १९९९ मध्ये ठरवले. त्यात फिट आहे, पक्षाघात आहे, भ्रम आहे आणि साधी डोकेदुखीही आहे. आता डोकेदुखी कोणाला नसते?

हा भ्रम ल्युपसचा असेल तर स्टेरॉइड वाढवायचं. पण रोज ४० मिलिग्रॅमच्या वर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड गेलं की त्या गोळीनंही माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो. तसं असेल तर डोस उतरवायचा. शिवाय स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती दबलेली, म्हणजे आपल्याकडे टीबीच्या मेंदूज्वराची शंका आलीच. म्हणून पाठीतलं पाणी काढून तपासतात. एमआरआय पुष्कळदा स्वच्छ येतो आणि गोंधळ वाढवतो.

रक्ततपासणीवरही विसंबता येत नाही. का, याचं एक उत्तर न्यूयॉर्कच्या संशोधक बेटी डायमंड यांच्या उंदरांनी दिलं. ल्युपसमधली काही प्रतिपिंडं डीएनएला चिकटतात, तशीच चेतापेशींवरच्या एका ग्राहीलाही. उंदरांच्या रक्तात ती भरपूर होती, तरी उंदीर ठणठणीत. कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधली चाळणी शाबूत होती. जिवाणूंच्या विषानं ती सैल केल्यावर प्रतिपिंडं स्मृतीच्या भागात शिरली आणि उंदरांची स्मरणशक्ती ढासळली. अॅड्रिनॅलिननं सैल केल्यावर ती भीतीच्या केंद्रात शिरली. प्रतिपिंडं तीच, दार कुठलं उघडलं, त्यावर दुखणं ठरलं.

काही रुग्णांत मात्र निराळ्या प्रतिपिंडांमुळे रक्ताच्या गुठळ्या होतात. तिथे रक्त पातळ करणारी औषधं लागतात.

त्या मुलीच्या पाठीतलं पाणी नितळ आलं, जंतुसंसर्ग नव्हता. तरी मूळ प्रश्न उरलाच. डॉक्टरांनी आईला विचारलं, “गोळ्या सुरू व्हायच्या आधी काही वेगळं जाणवलं होतं?”

आई जरा थांबली. “दिवाळीपासून कुकरच्या शिट्ट्या मोजताना चुकायची. मला वाटलं, मोबाइलमुळे.”