चक्कीवरचा डबा आणि ‘राइट’चा होकार

धरमपुरीच्या घरी उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी दुपारी ओव्या सांगायची आणि मी लॅपटॉपवर टाइप करायचो. दर दुपारची एक फाईल. शेवटी सगळ्या एकत्र करायला नोड जेएसमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला: एक फाईल वाचायची, मजकूर मोठ्या फाईलच्या स्ट्रीमवर ‘राइट’ करायचा, मूळ फाईल पुसायची, पुढची घ्यायची. संपलं की ‘एक्झिट’. खोट्या फाइलींवर दोनदा चालवून बघितलं, सगळं ठीक. खऱ्यांवर चालवलं आणि शेवटच्या दुपारच्या अकरा ओव्या गायब! एरर एकही नाही.

‘राइट’ म्हणजे ‘लिहून झालं’, असं मी धरून चाललो होतो. तिथेच फसलो.

आमच्या तिकडच्या मराठीत गिरणीला चक्कीच म्हणतात. तुम्ही गव्हाचा डबा रांगेत ठेवता आणि घरी जाता. डबा ठेवला म्हणजे दळण झालं असं नव्हे. ‘राइट’ही तेवढंच करतं: मजकूर मेमरीतल्या रांगेत, म्हणजे बफरमध्ये ठेवतं आणि लगेच परत येतं. डिस्कवर लिहिण्याचं काम मागाहून चालू राहतं.

परत येताना ते ‘ट्रू’ किंवा ‘फॉल्स’ सांगतं. ‘फॉल्स’ आलं की बरेच जण तोच मजकूर पुन्हा पाठवतात, मग फाईलमध्ये तो दोनदा उमटतो. ‘फॉल्स’ म्हणजे नकार नाही. चक्कीवाला म्हणतो, “हा डबा ठेवा, पण आता आणखी आणू नका.” रांग रिकामी झाली की ‘ड्रेन’ हा इव्हेंट येतो, तोवर थांबायचं. न थांबता आणत राहिलात तरी तो घेत राहतो, फक्त मेमरी फुगत जाते. ही खूणरेषा कित्येक वर्षं १६ केबी होती, नंतरच्या आवृत्त्यांत वाढली. आपल्याला ती लवकर लागते, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. ‘मराठी’ या एका शब्दाचे पंधरा! काना आणि वेलांटीसुद्धा वेगळी मोजली जातात.

शेवटचा डबा ठेवल्यावर ‘एंड’ सांगायचं. सगळं ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली झालं की ‘फिनिश’ येतं. डिस्क भरली किंवा परवानगी नसली, तर तेही ‘राइट’च्या वेळी कळत नाही, नंतर ‘एरर’ इव्हेंट येतो. आणि ‘एक्झिट’ म्हणजे चालू चक्कीचं शटर ओढणं. रांगेत उरलेलं तिथंच संपतं. कधी दळण तेवढ्यात उरकतं, कधी नाही. म्हणूनच माझ्या दोन्ही चाचण्या बिनबोभाट पार पडल्या.

आता मूळ फाइली मी ‘फिनिश’ आल्यावरच पुसतो, आणि ‘एक्झिट’ काढूनच टाकलंय. काम उरलं नाही की नोड आपला आपण थांबतो.

आजीला फोन केला. तिने नऊ ओव्या पुन्हा सांगितल्या. उरलेल्या दोन पहिल्या चरणापुढे तिला आठवेनात.