सौंदर्योपचार केंद्रातील ‘उपस्थाता’

लग्नसराई आली की जळगाव-धुळ्यातील ब्यूटी पार्लरांत गर्दी उसळते. आता त्यांच्या पाट्यांवर ‘अभ्यंग’ व ‘शिरोधारा’ हे आपल्या शास्त्रातील शब्दही दिसतात. या क्षेत्रात उपजीविका शोधणाऱ्या मुलींना वैद्यवर्गाने कोणता मार्ग दाखवावा, याचा विचार होणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कॅलिफोर्नियात एस्थेटिशियनला ६०० तासांचे शिक्षण आणि परीक्षेनंतर व्यक्तिगत परवाना मिळतो. आपल्याकडे असा परवाना नाही. आयटीआयचा १ वर्षाचा कॉस्मेटॉलॉजी अभ्यासक्रम किंवा ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचे प्रमाणपत्र, ही येथील पहिली पायरी होय. तेथून स्पा-पर्यवेक्षिकेच्या पदापर्यंत जाण्यास मात्र हातातील कौशल्य पुरत नाही. कोणता उपचार कोणास देऊ नये, हे तिला कळले पाहिजे.

येथेच आपले शास्त्र उपयोगी पडते. चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चतुष्पादांत उपस्थात्यास स्थान देऊन उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे त्याचे ४ गुण सांगितले. स्वेदनास गर्भिणी, रक्तपित्ती व मधुमेही अयोग्य मानले. खानदेशच्या उन्हाळ्यात स्टीमची पेटी उघडण्यापूर्वी एवढे प्रश्न तरी विचारले गेलेच पाहिजेत. पार्लरमध्ये फेसपॅक तडकेपर्यंत ठेवण्याची रीत आहे. वाग्भटाचार्य मात्र सांगतात की, वाळलेला मुखलेप कांती बिघडवतो. तो ओला असेतोच ठेवावा व भिजवून काढावा. पीनस, अजीर्ण किंवा जागरण असता तो लावूच नये. हळदीच्या रात्री जागलेल्या वधूस सकाळी लेप लावणाऱ्या मुलीस हे कोणी सांगितलेले असते काय?

फार्मसीधारकांनीही एक भेद ध्यानी घ्यावा. वैद्याने स्वतःच्या रुग्णासाठी सिद्ध केलेल्या औषधास १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात उत्पादन-परवान्यापासून सूट आहे. तोच लेप डबीत भरून स्पाच्या फळीवर विक्रीस ठेवला, की ती सूट उरत नाही.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक पंचकर्म केंद्राने प्रमाणपत्रधारक एका तरी मुलीस सवेतन उमेदवारी द्यावी. योग्यायोग्यतेची मराठी सूची उपचारकक्षात लावावी आणि शंका येताच उपचार थांबवून वैद्यास विचारण्याचा अधिकार तिला लेखी द्यावा. ग्राहक रागावला, तरी त्या दिवशीचे तिचे वेतन कापले जाऊ नये. असा अधिकार जबाबदारीने वापरणारी मुलगीच उद्या पर्यवेक्षिका होईल. आपल्या शास्त्राचे नाव पाटीवर मिरवणाऱ्या केंद्रात रुग्णाचे हितही तिच्याच हाती सुरक्षित राहील.