डोळ्यांखालचे काळे झाकताना

लग्नसराई जवळ आली की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो आणि तो बहुधा उठून जाताना, दाराशी विचारला जातो. सर्दी-खोकल्याची औषधे लिहून झालेली असतात. मुलगी आईकडे बघते, आई माझ्याकडे बघते आणि म्हणते, "डॉक्टर, हिच्या डोळ्यांखाली काळं आलंय, काही लावायला द्या ना."

यावर "काकडीच्या चकत्या ठेवा आणि लवकर झोपा" एवढे सांगून बोळवण करण्याची आम्हा डॉक्टरांची जुनी रीत आहे. मला ती पटत नाही. ज्या मुलीला रोज दहा जण "आजारी आहेस का गं?" म्हणून विचारतात, तिला ते काळे झाकावेसे वाटले तर त्यात गैर काय? फक्त आपण काय झाकतो आहोत आणि कशाने झाकतो आहोत, हे आधी समजून घ्यावे.

पापण्यांची कातडी सगळ्या शरीरात पातळ, साधारण अर्धा मिलिमीटर. तिच्याखालच्या रक्तवाहिन्या सहज दिसतात आणि तिच्यावर लावलेले औषध आत चटकन उतरते. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

काळे वर्तुळ सगळ्यांचे सारखे नसते. दिवसाउजेडी खिडकीशी आरसा घेऊन बसा आणि बोटाने खालची कातडी हलकेच ताणा. रंग तपकिरी असेल आणि ताणल्यावरही तसाच राहिला, तर तो कातडीतलाच रंग आहे. घराण्यातून आलेला असतो, किंवा डोळे सारखे चोळल्याने, वावडे असल्याने, उन्हाने वाढलेला असतो. निळसर-जांभळी झाक असेल आणि ताणल्यावर ती अधिक दिसू लागली, तर त्या खालच्या रक्तवाहिन्या. आणि समोरून प्रकाश पडताच काळे नाहीसे झाले, तर ती नुसती सावली आहे. डोळ्यांखाली खळगा पडला की किंवा सूज असली की अशी सावली पडते. पुष्कळांत दोन-तीन कारणे एकत्र असतात.

आता झाकण्याआधीची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी लहानपणापासून माझ्याकडे येणारी एक मुलगी आली. लग्न तीन महिन्यांवर आलेले. म्हणाली, "काका, मावशीनं पुण्याहून एवढं महागाचं कन्सीलर आणलं, पण लावलं की राख फासल्यासारखं दिसतं." मी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली म्हणून नव्हती. "जिना चढताना धाप लागते का?" ती काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "लागते हो, पण ती डाएट करतेय ना, लग्न आहे म्हणून." पाळीत रक्त फार जात होते, तेही विचारल्यावर कळले. हिमोग्लोबिन निघाले ७.४. अंगात रक्त कमी झाले की भोवतालचा चेहरा फिका पडतो आणि काळे अधिकच उठून दिसते. डाएट बंद केले, जंताचे औषध आणि लोहाच्या गोळ्या दिल्या, गोळीबरोबर चहा घ्यायचा नाही अशी तंबी दिली. पाळीच्या त्रासासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. लग्नापर्यंत हिमोग्लोबिन अकराच्या घरात गेले. वर्तुळे पूर्ण गेली का? नाही. तिच्या आईलाही तशीच आहेत. पण धाप गेली, चेहऱ्यावर रंग आला आणि उरलेले काळे तिने झाकले.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. म्हणून मी आधी हिमोग्लोबिन करून घ्या म्हणतो. सकाळी डोळ्यांखाली सूज येत असेल आणि पायही सुजत असतील, तर लघवीची तपासणी आणि थायरॉइडही पाहावे. मानेवर, काखेत मखमलीसारखे जाड काळे पट्टे असतील तर रक्तातील साखर बघावी.

आता प्रसाधन. मी या विषयातला दर्दी नव्हे, पण पेशंट मुलींनी आणि घरच्यांनी मला बरेच शिकवले आहे. बहुतेकींची चूक एकच. काळे झाकायचे म्हणून आपल्या रंगापेक्षा दोन छटा गोरी क्रीम घेतात. निळसर काळ्यावर पांढरट थर बसला की राखाडी रंग होतो. त्या मुलीची 'राख' हीच. निळ्याला मारायचे ते नारिंगीने, हे घर रंगवणारा पेंटरही सांगेल. म्हणून आधी 'करेक्टर' नावाची नारिंगी झाकेची क्रीम अगदी थोडी लावतात. गव्हाळ वर्णाला फिकी नारिंगी, ज्याला पीच म्हणतात ती, आणि सावळ्या वर्णाला गडद नारिंगी. त्यावर आपल्या कातडीच्याच रंगाचे कन्सीलर. रंगाची निवड हाताच्या मागच्या बाजूवर करू नये, जबड्याच्या कडेला लावून दुकानाबाहेर उन्हात येऊन पाहावी. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच रंग शोभतात.

करंगळीशेजारच्या बोटाने थोपटत लावायचे, घासायचे नाही. थर पातळ, कारण जाड थर हसताना सुरकुत्यांत गोळा होतो. कातडी कोरडी असेल तर आधी थोडे मॉइश्चरायझर. सूज असेल तर तिच्यावर उजळ रंग लावू नका, सूज अधिकच पुढे येते. मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून काही मुली करेक्टर म्हणून लाल लिपस्टिक लावतात. ती ओठांसाठी बनवलेली असते, तिच्यातले रंग आणि सुगंध डोळ्यांजवळच्या कातडीला सोसतीलच असे नाही. नवीन वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर लावून पाहावी. लग्नाच्या आदल्या दिवशी पहिल्यांदा तर मुळीच लावू नये.

मला खरी धास्ती या झाकणाऱ्या क्रीमची नाही. ती वाटते 'काळे घालवणाऱ्या' बिनालेबलाच्या डब्यांची. पार्लरमध्ये किंवा ओळखीतून मिळतात, आठ दिवसांत फरक पडतो म्हणतात, आणि पडतोही. बहुधा त्यात स्टेरॉइड असते किंवा पारा. २०२३ साली अकोल्यातील एका कुटुंबातील तिघींच्या मूत्रपिंडांना अशा क्रीममधल्या पाऱ्याने इजा झाल्याची बातमी आपण वाचली असेल. स्टेरॉइडचे तर पुष्कळजण मेडिकलमधून ट्यूब आणून महिनोन् महिने लावतात. २०१८ पासून अशी कितीतरी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे, तरी मिळतात. पापणीची पातळ कातडी त्याने आणखी पातळ होते, खालच्या शिरा जास्त दिसू लागतात, म्हणजे जे घालवायला निघालो तेच वाढते. शिवाय औषध डोळ्यापर्यंत पोचून दाब वाढतो. काचबिंदू आणि मोतीबिंदू हे दोन्ही यातून होऊ शकतात आणि काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन असे काही लिहिलेले असेल तर ती डोळ्यांखाली लावू नका. बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंद न करता आधी डॉक्टरांना भेटा, आणि डोळ्यांचा दाब तपासून घ्या.

विकत घेताना डबीवर निर्मात्याचे नाव-पत्ता, बॅच नंबर, घटकांची यादी आणि वापरण्याची मुदत आहे का, एवढे वाचावे. चष्मा लावून वाचा, अक्षरे बारीक असतात.

रात्री हे सगळे काढूनच झोपायचे. कापसावर थोडे खोबरेल तेल घेऊन डोळे मिटून हलकेच पुसावे, मग सौम्य साबणाने तोंड धुवावे. रगडून पुसलेत तर चोळण्यानेच काळे वाढते. आणि लग्नघरात एकच काजळाची कांडी नि एकच ब्रश पाच जणींत फिरतो, तेवढे टाळा. एकीचे डोळे आले की फोटोत सगळ्यांचेच लाल दिसतात. नवरीची डबी नवरीच्याच पर्समध्ये ठेवा.