गोव्याचे सव्वीस आणि देशाचे अकरा

मधुमेहासारख्या विषयावर बोलायला डॉक्टर सोडून युनियनवाला का उभा राहिला, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याला माझे उत्तर एवढेच, की मी रोगाच्या उपचारावर बोलणार नसून एका आकड्यावर बोलणार आहे. आणि आकडा उलटसुलट करून पाहणे हा आमच्या धंद्याचाच भाग आहे. महागाईचा निर्देशांक कसा बनतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याने मालकासमोर वाटाघाटीला बसू नये. तीच सवय ह्या आकड्याला लावून पाहू.

तो आकडा असा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने देशभर एक पाहणी केली. तिला 'इंडियाब' म्हणतात. २०२३ साली तिचा जो अहवाल प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे वीस वर्षे व त्यावरील वयाच्या भारतीयांत शेकडा ११.४ जणांना मधुमेह आहे. गोव्यात हेच प्रमाण शेकडा २६.४ निघाले, म्हणजे सर्व राज्यांत पहिला क्रमांक. पुदुच्चेरी २६.३ व केरळ २५.५ हे लगोलग मागे. तळाला उत्तर प्रदेश, ४.८. दर चार प्रौढ गोवेकरांत एकाहून थोडे अधिक, असा त्याचा अर्थ होतो. हे ऐकले की पुष्कळांच्या तोंडी लगेच 'सुशेगाद' हा शब्द येतो. गोवेकर आरामात राहणारा, खाण्यापिण्याचा शौकीन, म्हणून त्याला साखर झाली, झाला निकाल! हा निकाल फार घाईचा आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी ही मोजणी कशी झाली ते पाहू. १,१३,०४३ माणसे, ३१ राज्ये व केंद्रशासित प्रदेश, आणि २००८ ते २०२० असा बारा वर्षांचा काळ. इस्पितळांतील नोंदी मोजल्या नाहीत. घरोघरी जाऊन माणसे निवडली, त्यांचे उपाशीपोटी बोटाला टोचून रक्त पाहिले, मग ग्लुकोजचे पाणी पाजून दोन तासांनी पुन्हा पाहिले. त्यामुळे 'गोव्यात डॉक्टर जास्त, म्हणून रोगी जास्त सापडले' ही शंका येथे टिकत नाही. मात्र दुसरी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. सारी राज्ये एकाच वेळी पाहिलेली नाहीत. महाराष्ट्र पहिल्याच टप्प्यात आला व २०११ साली त्याचा आकडा ८.४ असा प्रसिद्ध झाला. गोवा २०१७ च्या पंधरा राज्यांच्या अहवालातही नव्हता. तेव्हा पेडणे ओलांडून सावंतवाडीला गेले की रोग एक तृतीयांश होतो, असे कुणी समजू नये. त्याचप्रमाणे २०१७ च्या अहवालातील ७.३ वरून देश सहा वर्षांत ११.४ वर चढला असेही म्हणता येत नाही, कारण पहिल्या आकड्यात पंधराच राज्ये होती.

आता तुलनेकडे वळू. देशातील शहरांत मधुमेहाचे प्रमाण १६.४ आणि खेड्यांत ८.९ आहे. २०११ च्या जनगणनेत देशाची ३१ टक्के वस्ती शहरी होती, गोव्याची ६२ टक्के. कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करा: गोव्याच्या शहरांना देशातील शहरांचे प्रमाण लावा, खेड्यांना खेड्यांचे. उत्तर सुमारे साडेतेरा येते. म्हणजे अकरा आणि सव्वीस ह्यांमध्ये जे पंधराचे अंतर आहे, त्यातले दोनच शहरीपणाने भरून निघाले. दिल्ली तर सगळीच शहर, पण तिचाही आकडा १७.८ आहे.

दुसरे कारण वयाचे. हा रोग वयाबरोबर वाढतो, आणि २०११ साली साठी ओलांडलेली माणसे देशात शेकडा ८.६ तर गोव्यात ११.२ होती. ह्याला जोडूनच एक मुद्दा आहे, तो कामगारांना चटकन समजतो. मस्टरवरची नावे दोन प्रकारांनी वाढतात: नवी भरती झाली म्हणून, किंवा जुनी माणसे टिकून राहिली म्हणून. शेकडा सव्वीस हे असे मस्टर आहे. जेथे औषधपाणी मिळते, तेथे मधुमेही माणूस पुष्कळ वर्षे जगतो व मोजणीत येत राहतो. नवी भरती किती चालू आहे हे पाहायचे तर मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले किती, ते पाहावे लागते. गोव्यात उंबरठ्यावरचे लोक मधुमेह झालेल्यांहून कमी आहेत. उत्तर प्रदेशात एका रोग्यामागे जवळजवळ चार जण उंबरठ्यावर आहेत. तळाचा क्रमांक म्हणून त्या राज्याचे अभिनंदन करण्यात अर्थ नाही.

एवढे करूनही अंतराचा मोठा भाग शिल्लक राहतो. माझे मत असे, की गोव्याचे खेडे कागदावर खेडे राहिले आहे. माणूस राहतो वाड्यावर, पण वेर्ण्याला किंवा कुंडईला पाळीवर जातो. घरापासून फाटकापर्यंत स्कूटरने, आत आठ तास यंत्रापुढे एका जागी. त्याच्या बापाचा भात उकड्या तांदळाचाच होता, ताटही काही लहान नव्हते. पण तो भात शेतात जिरत होता.

आणि येथेच 'शौकिनांचा रोग' ही समजूत मोडते. १९७२ ते १९७५ ह्या काळात जी पाहणी झाली, तिच्यात पुणेही होते. तेव्हा चौदा वर्षांवरील लोकांत शहरांत शेकडा २.१ व खेड्यांत १.५ असे प्रमाण निघाले. तपासणीची रीत तेव्हा वेगळी होती, तरी चित्र कळते. आज हा रोग वरून खाली उतरतो आहे. २०१७ च्या अहवालाप्रमाणे पुढारलेल्या काही राज्यांच्या शहरांत तो श्रीमंतांपेक्षा गरिबांत अधिक आहे. चंदीगढ शहरात खालच्या आर्थिक थरात २६.९, वरच्या थरात १२.९. ह्यामागे काय आहे त्याचा एक धागा पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी दाखविला. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात मुलांचे वजन सरासरी २.७ किलो भरले, इंग्लंडातील साउथॅम्प्टनच्या मुलांचे ३.५. आपले मूल हडकुळे, पण स्नायू कमी आणि त्या मानाने चरबी राखलेली. असे अंग घेऊन जन्मलेल्याला पुढे बसून करण्याचे काम व पोटभर अन्न मिळाले, की साखर त्याला लवकर गाठते. आई अर्धपोटी राबली, त्याची वसुली मुलाकडून होते. ह्यात सुशेगादपणा कोठे आला?

सर्वांत वाईट गोष्ट अशी, की २०१७ च्या त्या पाहणीत सापडलेल्या रोग्यांपैकी शेकडा ४७ जणांना आपल्याला रोग आहे हेच ठाऊक नव्हते. 'मी चहात साखर घेत नाही, मला कसली साखर?' हे उत्तर मी फाटकावर अनेकदा ऐकले आहे. शिवाय भीती असते: रोग कळला तर मालक हलके काम देईल, मग जादा कामाचे पैसे जातील, ड्रायव्हर असेल तर गाडीच जाईल. म्हणून तपासणी चुकविली जाते, आणि पायाची जखम महिनाभर भरत नाही तेव्हा गोष्ट उघडी पडते.

तपासणी तरी धड व्हावी. एका कारखान्याने सकाळी साडेसात वाजता फाटकावर उपाशीपोटी रक्तशर्करेचे शिबिर ठेवले. रात्रपाळी सुटत होती. त्या माणसांनी पहाटे तीनला डबा खाल्लेला! उपाशी म्हणजे आठ तास पोटात काही नको, आणि १२६ ची रेषा त्या उपाशी रक्तासाठी आहे. अशा ठिकाणी तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी मागावी. तिला उपास लागत नाही, ६.५ टक्के व त्यावर म्हणजे मधुमेह. रक्त कमी असलेल्यांत ती फसवू शकते, तेव्हा आमच्या कामगार भगिनींच्या बाबतीत हिमोग्लोबिनही त्याच वेळी पाहिले पाहिजे. आणि अहवाल बंद पाकिटात कामगाराच्या हाती द्यावा, व्यवस्थापकाच्या टेबलावर नव्हे. आम्ही मागणीपत्रात हे कलम असेच लिहितो.