रखवालदाराचा पगार आणि कोर्टाचा खर्च

गेट आले, गार्ड आला

वरळीच्या बीडीडी चाळींना गेट नव्हते, तेव्हा गेटवर माणूस ठेवण्याचा प्रश्नही नव्हता. तळमजला अधिक तीन मजले, एका चाळीत ऐंशी खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. जिन्यावर कोणीतरी कायम बसलेले, आणि बऱ्याच खोल्या पोलिसांच्या. अनोळखी माणूस चार पावले आत आला की "कोण पाहिजे?" ऐकू यायचेच.

१४ ऑगस्ट २०२५ रोजी पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. चाळीस मजल्यांची इमारत म्हटली की लिफ्ट, पंप, पार्किंग आणि गार्ड ओघाने येतातच. गिरणगावाला हे काम परके नाही. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपात ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांतल्या अनेकांनी पुढे वॉचमनची काठी हातात घेतली. देखभाल खर्चात गार्डवर किती जातात, हे सगळे विचारतात. त्यातले त्याच्या हाती किती पडतात आणि न पडल्यास त्याने कुठे जायचे, हा प्रश्न विधिमंडळाचा आहे.

१९८१चा कायदा : पगार बोर्डामार्फत

संपाच्या आदल्याच वर्षी राज्याने महाराष्ट्र खाजगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम केला. त्याचा सांगाडा १९६९च्या माथाडी कायद्याचा. मालक, कामगार आणि सरकार या तिघांचे प्रतिनिधी असलेले मंडळ नेमायचे. गार्डची नोंदणी मंडळाकडे, गार्ड हवा असलेल्या आस्थापनेचीही तिथेच. आस्थापनेने वेतन आणि त्यावरची लेव्ही मंडळात भरायची. मंडळाने गार्डला पगार द्यायचा आणि भविष्यनिर्वाह निधी, उपदान यांची सोय पाहायची. मधला ठेकेदार गळतो. म्हणूनच या धंद्यात 'बोर्डाचा गार्ड' आणि 'एजन्सीचा गार्ड' अशा दोन जाती झाल्या, आणि त्यांच्यातला फरक पगाराच्या दिवशी कळतो.

कायद्याला दोन दारे ठेवलेली आहेत. आस्थापनेचा थेट आणि नियमित नोकर असलेला गार्ड या कायद्याखाली येत नाही. दुसरे दार कलम २३चे. गार्डला मिळणारे लाभ एकूण पाहता कायद्यातल्या लाभांपेक्षा कमी नसतील, तर सरकार सूट देऊ शकते. ही सूट एकदा दिली की नंतर ते लाभ खरोखर मिळतात का, हे कोण बघते? आमदाराला तारांकित प्रश्न विचारायचा असेल तर तो इथे विचारावा. सूट कोणाला दिली, कधी दिली आणि शेवटची तपासणी कधी झाली, एवढे तीन तपशील मागितले तरी पुष्कळ काही बाहेर येईल.

२००५चा कायदा : एजन्सी कोण?

केंद्राच्या २००५च्या खाजगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायद्याचा रोख वेगळा आहे. एजन्सीला परवाना हवा, गार्डचे वय १८ ते ६५मध्ये हवे, त्याची पूर्वपीठिका तपासलेली हवी, त्याला प्रशिक्षण हवे. केंद्राच्या आदर्श नियमांत हे प्रशिक्षण १६० तासांचे आहे : शंभर तास वर्गात, साठ प्रत्यक्ष कामावर. गार्डला सैन्याचा किंवा पोलिसांचा वाटेल असा गणवेश घालण्यास मनाई आहे.

थोडक्यात, हा कायदा गार्डपासून समाजाचे रक्षण करतो आणि १९८१चा कायदा ठेकेदारापासून गार्डचे. सभागृहांत 'सुरक्षा' म्हटले की बोलणे पहिल्या बाजूला झुकते. २६/११नंतर तर साहजिकच. २०१०मध्ये राज्य सुरक्षा महामंडळाचा कायदा त्यातूनच आला. बारा तासांच्या ड्युटीचा विषय मागे राहतो.

कोर्टाचा पैसा कुठून येतो

पगार बुडाला तर शेवटचा रस्ता न्यायालयाचा. राज्याच्या अर्थसंकल्पात खर्च दोन प्रकारचा असतो, भारित आणि दत्तमत. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन (अनुच्छेद २०२) आणि त्या न्यायालयाचा प्रशासकीय खर्च (अनुच्छेद २२९) राज्याच्या एकत्रित निधीवर भारित आहे. विधानसभा त्यावर चर्चा करू शकते, मतदान नाही. निकाल आवडला नाही म्हणून सभागृहाने न्यायालयाची रसद तोडू नये, एवढाच हेतू. ही कल्पना १९३५च्या भारत सरकार कायद्यातही होती.

खालच्या कोर्टांचे तसे नाही. भोईवाड्याचे दंडाधिकारी न्यायालय किंवा धोबी तलावाचे लघुवाद न्यायालय यांचा मुख्य खर्च दत्तमत असतो. तो विधी व न्याय विभागाच्या मागण्यांतून विधानसभेसमोर येतो. म्हणजे सामान्य माणूस ज्या कोर्टाची पायरी चढतो, नेमके त्याच कोर्टाचे पैसे आमदारांच्या हातात आहेत. आणि या मागण्यांवर बोलायला सभागृहात गर्दी होते असे कोणी म्हणणार नाही. शेवटच्या दिवशी उरलेल्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकल्या जातात.

अडचण जुनी आहे. दर दहा लाख लोकांमागे पन्नास न्यायाधीश हवेत, असे विधी आयोगाने १९८७मध्ये सुचवले. २००२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांत तिथे पोहोचा म्हटले. मंजूर पदांचा आकडा अजून २१च्या आसपास घुटमळतो. कोर्टांच्या इमारतींसाठी १९९३-९४पासून केंद्राची योजना आहे. महाराष्ट्रासारख्या राज्याला त्यात ४० टक्के वाटा घालावा लागतो.

परळचा आमदार

कामगार आणि कोर्ट या दोन्ही धाग्यांना हात घातलेला आमदार शोधायचा तर फार लांब जावे लागत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परळच्या बीआयटी चाळीत राहिले; १९२७मध्ये ते मुंबई विधिमंडळात नियुक्त सदस्य म्हणून गेले आणि १९३७मध्ये भायखळा-परळ मतदारसंघातून निवडून आले. १९३८च्या औद्योगिक कलह विधेयकाला त्यांनी सभागृहात कडाडून विरोध केला, कारण संप करणे हा गुन्हा ठरून कामगार कोर्टाच्या पिंजऱ्यात उभा राहणार होता. ७ नोव्हेंबर १९३८चा एक दिवसाचा संप त्याच विरोधातून झाला.

दहा वर्षांनी, नोव्हेंबर १९४८मध्ये, संविधान सभेत न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी करण्याचा अनुच्छेद त्यांनीच मांडला. आधी त्यात तीन वर्षांची मुदत होती. लगेच दुसऱ्या दिवशी त्यांनी ती काढून घेतली. आज तो अनुच्छेद ५० आहे. मुदत गेल्याने तत्त्व सैल पडले, ही टीका मला पटते; पण वेगळी कोर्टे म्हणजे वेगळे अधिकारी, वेगळ्या कचेऱ्या, वेगळा पैसा, आणि तो सगळ्या राज्यांकडे सारखा नव्हता. मुंबई राज्याने १९५१मध्येच तसा कायदा केला. शहरात प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट आधीपासून होते. फरक पडला तो जिल्ह्यांत, जिथे महसूल वसूल करणारा अधिकारीच दंडाधिकारी असे.

आमदार काय करू शकतो, काय नाही

उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाच्या कामकाजातल्या वर्तनावर विधिमंडळात चर्चा करता येत नाही. अनुच्छेद २११ ते स्पष्ट सांगतो. पण रिकामी पदे, लघुलेखकांची कमतरता, गळके छप्पर, साक्षीदारांना बसायला बाक नसणे, यावर लक्षवेधी लावता येते, कपात सूचना देता येते, पुरवणी मागण्यांच्या वेळी बोलता येते. सुरक्षा रक्षक मंडळाबाबतही तेच. मागणी गार्डच्या पगाराची असो की कोर्टाच्या स्टेनोची, ती अर्थसंकल्पाच्या कोणत्या शीर्षाखाली बसते हे माहीत असलेल्या आमदाराला मंत्री टाळू शकत नाही.

१९८१च्या कायद्याखालची योजना एखाद्याला लागू आहे की नाही असा वाद झाला, तर कलम ५नुसार तो राज्य सरकारपुढे जातो. कोर्टात जायची वेळ आलीच तर १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठीची हेल्पलाइन १५१००.